चि. सौ. कां. मालन हिस

पवईच्या त्या ऑफिसात सुशांत परुळेकरला चार वर्षं झाली होती आणि या चार वर्षांत त्याने एकदाही डब्यातून मासळी नेली नव्हती. आपण कोकणातले आहोत हे त्याने लपवलं होतं असं नाही. दर गणपतीत आठ दिवसांची रजा टाकणारा माणूस ते लपवणार तरी कसं? पण ऑफिसातला सुशांत कोकणातला म्हणजे हापूसच्या पेट्यांचा, नारळीच्या बागांचा, मोबाईलमधल्या फोटोंचा. सुक्या मासळीचं कोकण घाटकोपरच्या घरी, कपाटातल्या वरच्या फळीवर घट्ट झाकणाच्या बरणीत असायचं आणि ते तिथेच बरं, असं त्याचं मत होतं.

खरं तर त्याला कोणी काही बोललं नव्हतं. ऑफिसात नाना जातीची, नाना गावची माणसं होती. जो तो आपला डबा उघडी आणि दुसऱ्याच्या डब्यात चमचा घाली. दोन वर्षांपूर्वी एकदा मेल आला होता, की मासे पँट्रीत गरम करू नयेत. बास, तेवढंच. पण काही माणसांना छडी दाखवावी लागत नाही, ती आधीच हात पुढे करून उभी असतात. सुशांत त्यांतला.

त्या मंगळवारी त्याची आई, मालन, पंधरा दिवस गावी राहून परत आली. येताना तिने जवळा आणला, चांगला कोरडा, वाळूचा कण नसलेला. बुधवारी सकाळी तिने तो कांद्यावर परतायला घेतला, लसूण ठेचून टाकली, वर दोन कोकमं घातली आणि सुशांत आंघोळ अर्धी टाकूनच बाहेर आला. पंधरा दिवस बाप-लेकांनी वरणभातावर काढले होते.

"डब्यात दे गं थोडा," तो म्हणाला.

मालनने चमचा थांबवला. "ऑफिसात चालेल?"

"थंडच खाईन. एका बाजूला बसून."

"एका बाजूला कशाला? चार जणांना दे की."

तिने फळीवरून एक लहानसा चपटा स्टीलचा डबा काढला. तळहाताएवढा. त्याच्या झाकणावर मशीनने कोरलेली अक्षरं होती, ठिपक्याठिपक्यांची: 'चि. सौ. कां. मालन हिस मामांकडून, १९९४'. मालनच्या लग्नातली बाकीची भांडी कुठे कुठे गेली, काही मोडीत, काही नणंदांकडे. हा डबा तेवढा राहिला होता. मामांची गिरणी तोवर कधीच बंद पडली होती, घरी दोन वेळची ओढाताण होती, तरी भाचीच्या लग्नात रिकाम्या हाताने जाणार नाही म्हणून त्यांनी तो घेतला होता. मालन त्याला लेकीसारखं जपायची आणि लेकाच्या हातात तो द्यायला मात्र तिला कधी भीती वाटली नव्हती.

आता त्या ऑफिसातली डब्यांची रीत सांगितली पाहिजे. बहुतेकांचे डबे स्टीलचे, म्हणून पँट्रीत एक मोठी विजेची पेटी होती. सकाळी आलं की प्रत्येकाने आपली पिशवी ओट्यावर ठेवायची. साडेबाराला माणिकमावशी एकेक डबा काढायची, झाकणं सैल करायची आणि चाळीसेक डबे पेटीत रचून ठेवायची. सव्वाला सगळं गरम. माणिकमावशी हे नऊ वर्षं करत होती. कंत्राटदाराकडची बाई, पण पँट्री तिची. तिथे तिचं एक स्टूल होतं, खिडकीत तुळशीची कुंडी होती आणि कोणाच्या डब्यात कोणत्या वारी काय असतं हे तिला त्यांच्या बायकांपेक्षा जास्त माहीत होतं.

सुशांतने ठरवलं होतं की छोटा डबा पिशवीतून काढून ड्रॉवरमध्ये ठेवायचा. पण बसमधून उतरतानाच फोन आला, बंगलोरची माणसं आली आहेत, दहा मिनिटांत मीटिंग. तो धावत आत शिरला आणि चार वर्षांच्या सवयीने अख्खी पिशवी ओट्यावर ठेवून पुढे पळाला.

सव्वाला पेटी उघडली तेव्हा मजल्याची वाट लागली. जवळा पाऊण तास मंद आचेवर असला म्हणजे काय होतं ते ज्याच्या घरी होतो त्याला सांगायला नको, आणि ज्याच्या घरी होत नाही त्याला सांगून समजायचं नाही. वास पँट्रीतून निघाला, टेबलांवरून फिरला आणि काचेच्या खोलीत बंगलोरवाल्यांपर्यंत पोहोचला. त्याहून वाईट म्हणजे पेटीतल्या प्रत्येक पोळीला, प्रत्येक वरणभाताला तो लागला. शाकाहारी मंडळी आपापले डबे उघडून मिटून बसली. त्यांचा राग खोटा नव्हता.

श्रेयस सर पँट्रीतून बाहेर आले. ऑफिसची सगळी व्यवस्था यांच्याकडे, पाहुण्यांच्या चहापासून पंख्याच्या बटणापर्यंत. त्यांच्या हातात टिश्यूत धरलेला तो चपटा डबा होता. उष्णतेने त्याचं झाकण उडालं होतं, ते दुसऱ्या हातात.

"हा कोणाचा?" त्यांनी विचारलं.

सुशांत टेबलाशी बसला होता. पुढ्यात पोळी आणि भेंडीची भाजी. तोंडात घास होता. तो गिळून 'माझा' म्हणायला एक सेकंद लागला असता. त्याने घास चावायला घेतला.

"सुशांत, तू कोकणवाला ना रे?" समोरचा प्रीतम म्हणाला. प्रीतमच्या मनात काही वाकडं नव्हतं. तो सगळ्यांचीच खेचायचा.

"छे, यार. आमच्याकडे भेंडी आहे बघ," सुशांतने डबा पुढे केला. इथवर थांबला असता तरी चाललं असतं. पण खोटं बोलणाऱ्याला गप्प बसवत नाही. "आणि आणायचंच तर घरी खावं ना. काही लोकांना इतकी वर्षं मुंबईत काढून अक्कल येत नाही."

दोघंतिघं हसले. श्रेयस सरांनी झाकण उजेडात धरलं. "नाव आहे यावर. चि. सौ. कां. मालन हिस... मालन. कोण आहे मालन इथे?"

"मालनबाई, हजर व्हा," प्रीतम शाळेतल्या हजेरीच्या सुरात म्हणाला आणि आता अख्खं टेबल हसलं. सुशांतही हसला. आपण हसतो आहोत हे त्याला आपल्या गालांवरून कळलं.

तेवढ्यात माणिकमावशी हात पुसत बाहेर आली. तिने एकदा सुशांतकडे पाहिलं. पिशवी कोणाची, डबा कोणाचा, हे जगात तिला एकटीला ठाऊक होतं. सुशांतने मान खाली घातली आणि भेंडीचा तुकडा पोळीत गुंडाळला.

"माझा हाय तो, साहेब," मावशी म्हणाली. "मालन माझी जाव. तिच्याकडनं आणलेला. चुकून ठेवला पेटीत."

"मावशी, तुम्ही? नऊ वर्षं झाली तुम्हाला. नियम माहीत नाही?"

"चुकलं," असं म्हणून तिने त्यांच्या हातातून डबा घेतला, झाकण घेतलं, पदराने अक्षरांवरचं तेल पुसलं आणि आत गेली.

सुशांत जेवला. ही गोष्ट पुढे त्याला सगळ्यांत जास्त टोचायची, की तो जेवला, पोटभर, आणि शेवटची पोळी प्रीतमला अर्धी दिली.

संध्याकाळी घरी मालनने पिशवी उपसली. "छोटा डबा?"

"ऑफिसात राहिला."

"आण हं आठवणीने. आवडला का सगळ्यांना?"

वडील, जयवंत, खाटेवर बसून पेपर वाचत होते. त्यांची अख्खी नोकरी मरोळच्या कारखान्यात लेथवर गेली होती आणि कानांनी थोडं कमी ऐकू येत होतं, तरी सुशांतला वाटलं की ते ऐकताहेत.

"बोटं चाटली सगळ्यांनी," सुशांत म्हणाला.

मालनचा चेहरा असा उजळला की त्याला बघवेना. तिने लगेच शेजारच्या वहिनींना दारातून सांगितलं, आमच्या सुशांतच्या ऑफिसात माझा जवळा संपला हो. मग आत येऊन म्हणाली, शुक्रवारी जास्त देते, त्या मोठ्या डब्यात, सगळ्यांना पुरेल. सुशांतने सांगितलं की शुक्रवारी ऑफिसात पार्टी आहे. एक खोटं सांभाळायला दुसरं लागतं आणि दुसऱ्याला तिसरं. त्याचा संसार वाढत चालला होता.

गुरुवारी पँट्रीत दुसरीच बाई होती. तरुण, घाबरलेली, कोणता डबा कोणाचा ते चिठ्ठ्या लावून ओळखणारी. खिडकीतली कुंडी जागेवर होती, स्टूल नव्हतं. प्रीतमनेच सांगितलं की मावशीला दुसऱ्या मजल्याच्या बाथरूमच्या सफाईला टाकलंय. "बिचारी. पण ऐकायला नको का? पाहुणे आलेले आणि तेव्हाच," तो म्हणाला आणि कामाला लागला. मावशीच्या गुडघ्यांबद्दल ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. ती सांगायची की बसून करायचं काम आहे म्हणून चाललंय बाबा.

सुशांतने श्रेयस सरांना मेल लिहायला घेतला. 'काल पँट्रीत जो डबा' एवढं लिहिलं. मग तो शब्द शोधत बसला. त्याला कशाची भीती होती, हे त्याने त्या दिवशी स्वतःला पाच-सहा वेळा विचारलं. नोकरी जाणार नव्हती. पगार कापला जाणार नव्हता. लोक दोन दिवस हसले असते, बास. एवढ्याशा हसण्याला घाबरून एका म्हाताऱ्या बाईचं स्टूल त्याने काढून घेतलं होतं, हे उत्तर सहाव्या वेळीही तेच आलं. मेल तसाच अर्धा राहिला.

शुक्रवारी दुपारी तो दुसऱ्या मजल्यावर गेला. बाथरूमच्या बाहेर उभा राहिला तर बायका वळून बघायला लागल्या, म्हणून जिन्यात गेला. तिथे मावशी पायरीवर बसली होती, गुडघे चोळत. शेजारी बादली.

"ये झिला," ती म्हणाली. मुलाला बोलावं तशीच, चार वर्षांतल्या नेहमीच्या आवाजात.

त्याने येताना चारपाच वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एकही सापडेना. "मावशी, मी सरांना सांगतो."

"काय सांगतलंस?"

"डबा माझा होता म्हणून."

तिने बादली जरा बाजूला सारली. मग म्हणाली, "चूक माझी पण आसा. झाकण सैल करताना माका वास इललो. बाजूक काढूक होयो होतो. पण म्हटलं, झील कधी नाय तो जवळो घेऊन इलो, गरम खाऊ दे. म्हणान झाकण घट्ट लावलंय आणि खाली दडवलंय. तां उडाला." ती थोडी हसली. "चांगलो होतो हां. मी जेवलंय त्या दिवशी. टाकलंय नाय."

सुशांतला वाटलं, हिने चार शिव्या घालाव्यात म्हणजे आपण खाली बसून रडू तरी. "तुम्ही माझ्यासाठी कशाला..."

"तुझ्यासाठी नाय रे," मावशीने त्याचं वाक्य सरळ तोडलं. "तू मोठो आसंस, तुझां तू बघशील. पण ते त्या बाईचां नाव घेऊन हसत होते. तुझ्या आवशीक मी बघूक नाय. पण लग्नातलो डबो आसा तो. तेच्यावरचां नाव असां चार लोकांत काढून हसतत? माका बघवला नाय, म्हणान मी पुढे झालंय."

तिने बादलीमागची प्लास्टिकची पिशवी त्याच्या हातात दिली. आत डबा होता, घासून लखलखीत. त्याने तो बॅगेत टाकला, बघितलाही नाही. वर जाताना मेल पुरा करायचा असं त्याने ठरवलं. वर गेल्यावर सोमवारी समोरासमोरच सांगू असं ठरवलं.

संध्याकाळी मालनने डबा हातात घेतला आणि कानाशी हलवला. आत काहीतरी होतं. झाकण काढलं तर मूठभर कोकमं निघाली, मऊ, काळसर, मीठ दिसणारी, घरची.

"ही कुठली?"

सुशांतला लगेच कळलं. मावशीने रिकामं भांडं परत केलं नव्हतं. जिच्या पोटावर पाय आला तिने रीत सोडली नव्हती.

"पार्टीतली," तो म्हणाला आणि त्यालाच ते इतकं मूर्खपणाचं वाटलं की तो बॅग आवरायला लागला.

"पार्टीत कोकमं वाटतात?" मालन त्याच्याकडे बघत राहिली. "कोणी बाईमाणसाने घातलीत ही. रिकामा डबा द्यायचा नाही म्हणून. कोण आहे तुमच्यात आपल्याकडची?"

मग त्याने सांगितलं. आधी थोडं सांगितलं, मावशीने चुकून आपल्या अंगावर घेतलं वगैरे. पण मालन एकेक धागा ओढत गेली, भांडं धुताना कडा तपासाव्यात तशी, आणि सगळं बाहेर आलं. जयवंतांनी पेपर खाली ठेवला होता.

"म्हणजे कोणी खाल्लाच नाही," मालन म्हणाली.

"मावशींनी खाल्ला."

"आणि झाकणावरचं नाव वाचलं त्यांनी?"

"हो."

"मोठ्याने?"

"हो."

"मग तू काय केलंस?"

पंखा फिरत होता. शेजारी कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. हे एक खोटं बोलणं अजून शक्य होतं. टेबलाशी आई नव्हती, तिला कधीच कळलं नसतं.

"हसलो," सुशांत म्हणाला.

मालनने मान हलवली, वाण्याने भाव सांगितल्यावर हलवावी तशी. ती रडली नाही, ओरडलीही नाही. तिने कोकमं एका बरणीत काढली, डबा धुतला, पुसला, आणि फळीवर न ठेवता ओट्यावरच ठेवला. शेजारच्या वहिनी दारात आल्या नि म्हणाल्या, अहो, तुमच्या जवळ्याची रीत सांगा ना, सुशांतच्या ऑफिसात एवढा गाजला तर. मालनने त्यांना रीत सांगितली. कांदा किती, लसूण किती, सगळं. लेकाचं खोटं तिने उघडं पाडलं नाही आणि त्या पाच मिनिटांत सुशांतला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

जेवताना जयवंत एवढंच बोलले. "मी कारखान्यात तीस वर्षं जवळा नेला. साहेब येऊन मागायचे." मग भाताला ताक घेतलं. "नसते मागितले तरी नेला असता."

शनिवार-रविवार त्या घरात सगळं नेहमीसारखं चाललं. मालन त्याच्याशी बोलत होती, चहा देत होती, इस्त्रीचे कपडे आले का विचारत होती. फक्त ती त्याला 'आवडलं का?' असं विचारत नव्हती, जे ती दर घासाला विचारायची. सुशांतला आधी कळेना काय कमी आहे. रविवारी दुपारी कळलं. "छान झालंय गं," तो आपणहून म्हणाला. ती "हं" म्हणाली.

रात्री तो म्हणाला, "उद्या जवळा कर. मावशींना नेतो."

"सोमवारी ती खाणार नाही. बुधवारी देईन."

सोमवारी सकाळी तो श्रेयस सरांच्या केबिनमध्ये उभा राहिला. खुर्ची दाखवली तरी बसला नाही. "तो डबा माझा होता, सर. माझ्या आईचा. मावशींचा काही संबंध नव्हता."

श्रेयस सरांनी त्याच्याकडे बघितलं आणि ते चक्क हसले, अगदी मनापासून. "अरे, मग सांगायचं ना तेव्हाच. तुला कोण काय बोलणार होतं? मी आपलं एकदा ओरडलो असतो, तू सगळ्यांना आईस्क्रीम दिलं असतंस, विषय संपला असता. तू स्टाफमधला आहेस."

सुशांतला या एका वाक्याने जितकं मारलं तितकं शिव्यांनी मारलं नसतं. म्हणजे ज्या शिक्षेला भिऊन तो लपला ती शिक्षा त्याच्यासाठी नव्हतीच. तो बोलला असता तर आईस्क्रीमवर भागलं असतं. मावशी बोलली म्हणून बाथरूमवर गेली.

"मग त्यांना परत आणा, सर."

"सांगतो कंत्राटदाराला. आणतील, त्यात काय," असं म्हणून त्यांनी फोन उचलला. पाच मिनिटांचं काम होतं. पाच दिवस ते पाच मिनिटांचंच होतं.

बुधवारी सकाळी ओट्यावर डबा भरून तयार होता. मालनने झाकण लावलं, त्याभोवती फडकं बांधलं नाही, पिशवीही दिली नाही. नुसता डबा त्याच्या हातात ठेवला, अक्षरं वर. घाटकोपर ते पवई सुशांत तो तसाच मांडीवर धरून गेला. शेजारच्या बाईने एकदा वास घेतला, खिडकी उघडली. तो बसून राहिला.

दुपारी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात मावशी त्याच पायरीवर होती, शेजारी तीच बादली.

"सरांनी सांगितलं ना तुम्हाला? पँट्रीत परत या म्हणून?"

"सांगितलानी. मी नको म्हटलंय."

"का?"

"ती नवी पोरगी आसा ना थंय, तिची दोन बारकी चेडवां आसत. माका वर घेतली तर तिका काढतले. बाथरूमाक आदीच दोन बायो आसत, माका शिक्षा म्हणान टाकलानी; तिसरी तशी नको आसा तेंका." मावशीने गुडघा सरळ केला. "ऱ्हाव दे. माका काय आता, दीड वर्ष काढूचां आसा. कुंडीक पाणी घालूक सांग फक्त तिका."

तो उभाच राहिला. त्याला वाटलं होतं, उशिरा का होईना, आपण खरं बोललो की सगळं जागच्या जागी बसेल. तसं काही बसलं नव्हतं. स्टुलावर दुसरं कोणी बसलं होतं आणि तिचीही त्यात काही चूक नव्हती.

त्याने डबा पुढे केला. "आईने दिलाय. तुमच्यासाठी."

मावशीने हात पुसले, डबा घेतला, झाकणावरून अंगठा फिरवला. तिने आपल्या पिशवीतून दोन भाकऱ्या काढल्या, एक त्याच्या हातावर ठेवली आणि सरकून पायरीवर जागा केली. "बस. एकटी जेवतंय काय मी?"

तो बसला. वास जिन्यात पसरला, वर गेला, खाली गेला. दोघं एकाच डब्यातून खात होते. वरच्या मजल्याचं दार उघडलं आणि पावलं वाजली. प्रीतम आणि आणखी तिघं, लिफ्टला गर्दी म्हणून जिन्याने चहाला निघालेले. वळणावर येऊन ते थांबले. प्रीतमने नाक मुरडलं, मग पायरीवर बसलेला सुशांत बघितला, मग डबा.

"अरे! परत तोच डबा? कोणाचा रे हा?"

सुशांतचे कान तापले. आठवडाभर जो घास तोंडात होता तोच आताही होता. त्याने तो गिळला. "माझ्या आईचा," तो म्हणाला, पण आवाज इतका बारीक निघाला की प्रीतमने "काय?" विचारलं.

मावशीने भाकरीचा तुकडा मोडला. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. "मोठ्यान सांग," ती म्हणाली. "तेवा मोठ्यान हसललंस ना."

सुशांतने झाकण उचललं, अक्षरं त्यांच्याकडे केली.

"माझ्या आईचा आहे," तो म्हणाला. "मालन तिचं नाव."